झड गेली, मोटर राहिली

२०१६ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या रामकुंडाचा तळ उघडा पडला. त्याच वर्षी जुलैत आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला गोदावरीला पूर आला आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं याची बातमी घरोघरी पोचली. नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. मारुतीच्या कमरेत, छातीत, गळ्यात मोजतात. कोरड मोजायला मात्र आपल्याकडे असं ठरलेलं माप नाही. ती ज्याच्या-त्याच्या विहिरीत, ज्याच्या-त्याच्या बोअरमध्ये असते आणि तिचा बोभाटा टँकर आल्यावरच होतो. गेल्या महिन्यात शहरात ‘हवामानबदल आणि भूजल’ या विषयावरच्या एका परिसंवादाला गेलो होतो, तेव्हा हे फार जाणवलं. पहिल्या वक्त्यानं तापमानाचे आलेख दाखवले आणि विहिरी आटण्याचं खापर पृथ्वीच्या तापण्यावर फोडलं. दुसरे गृहस्थ उठले ते तावातावानंच. हवामानबिवामान काही नाही, पाऊस होता तेवढाच पडतोय, द्राक्षं आणि बोअर यांनी जिल्हा पिऊन टाकला, असं म्हणून ते टाळ्या घेऊन बसले. पुढचा दीड तास सभागृहात याच दोन बाकांवरून रस्सीखेच चालली. चहा चांगला होता, एवढंच म्हणतो.

माझं म्हणणं असं की हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. हवामान आणि उपसा हे दोन वेगळे आरोपी नाहीत, की एकाला सोडलं म्हणजे दुसरा अडकला. निदान नाशिकच्या खडकात तरी हवामानबदल भूजलापर्यंत दोन वाटांनी पोचतो: थोडा पावसातून आणि बराचसा मोटरीतून. ऊन वाढलं, पावसाचा भरवसा गेला, की माणूस जमिनीखालच्या पाण्याशी वेगळं वागू लागतो आणि त्या वागण्याचा फटका पावसाच्या फटक्याहून मोठा बसतो. हे पटलं, तर उपाय कुठे शोधायचे तेही बदलतं. बंधारा आणि तलाव लागतातच, पण खरा प्रश्न गावानं पाणी वाटून कसं घ्यायचं याचा आहे आणि नेमका तोच प्रश्न दोन्ही बाकांवरून कुणी काढत नाही.

आधी खडकाकडे पाहू, कारण वादात तोच गैरहजर असतो. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर जाडीची वाळू आणि गाळ आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या साठलेलं पाणी आहे. आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक, आणि मग कातळ. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि कातळाच्या भेगांत. शंभर घनमीटर खडक पिळला तर हाती एक ते तीन घनमीटर पाणी लागतं. म्हणजे आठ मीटर जाडीचा ओला मुरूम हा दिसायला मोठा, पण त्यातून निघणारं पाणी साधारण १६० मिलिमीटर उंचीचं, विहिरीच्या एका पायरीपेक्षा कमी. ही कोठी दरवर्षी भरते आणि दरवर्षी रिती होते. त्यात मागच्या वर्षीचं शिल्लक फार नसतं. ‘पूर्वजांनी साठवलेलं पाणी आपण संपवतोय’ हे पंजाबला लागू पडणारं वाक्य आपल्याकडे व्यासपीठावरून सर्रास फेकलं जातं. आपण संपवतो ते याच वर्षीचं पाणी, फक्त मे महिन्याऐवजी जानेवारीत.

लहान कोठीचा एक गुण असतो आणि एक दोष. गुण असा की चांगला पाऊस झाला की ती पटकन भरते, म्हणून दुष्काळानंतरच्या एकाच पावसाळ्यात विहिरी तोंडाशी येतात आणि आपण सगळं विसरतो. दोष असा की भरल्यावर वरून कितीही ओता, बाहेरच सांडतं. जुलैत विहीर काठोकाठ असेल तर ऑगस्टचा मुसळधार पाऊस नाल्यानं नदीला, नदीनं पैठणला. म्हणून या खडकाला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो किती दिवस रेंगाळला आणि शेवटचा कधी पडला याला जास्त महत्त्व आहे. आपल्या शेतकऱ्याला हे अवजारांइतकं ओळखीचं होतं. मृग पेरणीचा, पण उत्तरा, हस्त, चित्रा हे विहिरींचे. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण नुसती पिकाची नाही, त्यात रब्बीच्या ओलीचा हिशेब आहे. आणि या सगळ्यांत मोलाची होती ती झड. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, गोठ्यातलं शेण वाळत नाही, पाऊस असा की अंगावर पडतो पण आवाज करत नाही. काळी रेगडी एकदा भिजली की फुगते आणि तिची तोंडं मिटतात. तिच्यातून पाणी खाली जायचं तर ते सावकाश, तासाला काही मिलिमीटर याच गतीनं जातं. झडीचा वेग आणि मातीचा वेग जुळायचा. तासाभरात ऐंशी मिलिमीटर ओतणाऱ्या पावसाचा वेग तिच्याशी कसा जुळणार?

झड कमी झाली हे म्हाताऱ्यांचं रडगाणं म्हणून सोडून देता येत नाही. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस उशिरा सुटतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटत गेली. २०२३ चा ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्य सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच जिल्ह्यात निफाडच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या. एकाच वर्षात दुष्काळाचा पंचनामा आणि गारपिटीचा पंचनामा. तलाठ्यानं कुठला आधी लिहायचा?

आता समोरच्या बाजूचं बळकट म्हणणं. पहिलं, की पाऊस कमी झालेला नाही. खरं आहे, अलीकडच्या कित्येक वर्षांत तो सरासरीच्या वरच राहिला. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि आपल्याकडे काढणीचा कांदा शेतातच भिजला. दुसरं म्हणणं अधिक टोकदार आहे आणि परिसंवादात कुणी मांडलं नाही म्हणून मीच मांडतो. गांधीनगरच्या आयआयटीतले विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं की वायव्य भारतात भूजल हलक्या पावसानं भरतं, पण दक्षिणेत, जिथे खडक कठीण आहे, तिथे भूजल भरण्याचा संबंध जोराच्या पावसाशी आहे. मग अतिवृष्टी वाढली तर आपलं भलंच व्हायला हवं, नाही का? तिसरं, पावसाळा आता लांबतो. २०१९ मध्ये मान्सूननं परतीची वाट धरायला ९ ऑक्टोबर उजाडला, नोंदींतला सर्वांत उशीर, आणि त्यानंतरही पाऊस पडत राहिला. हस्त-चित्रा हवे होते ना? मिळाले की.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत आणि तरीही ते प्रश्नाला भिडत नाहीत. जोराचा पाऊस कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत खरोखर पटकन उतरतो. पण कोठी लहान असेल तर तिसऱ्या-चौथ्या अतिवृष्टीचा उपयोग काय? आणि मधल्या तीन आठवड्यांच्या उघडिपीत खरीप वाचवायला लोकांनी विहिरीत मोटर टाकली, तर पावसाळ्यातच पावसाळ्याचं पाणी उपसलं गेलं, त्याची नोंद कुठल्या पर्जन्यमापकात होते? २०१९ च्या लांबलेल्या पावसानं विहिरी भरल्या, बागाही कुजवल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकलं, कारण उशिरा पडलं. पण पुढच्या वर्षी असंच होईल असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल? पाऊस वाढला की घटला या वादात आपण सरासरी घेऊन बसतो. विहीर सरासरीनं भरत नाही आणि पीक सरासरीवर जगत नाही. बदललंय ते हे, की आता कुठल्याच नक्षत्रावर पैज लावता येत नाही.

दुसऱ्या बाकावरच्या गृहस्थांना मी इगतपुरी-त्र्यंबकच्या पलीकडे न्यायला तयार आहे. पेठ, सुरगाण्यात दोन-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे द्राक्षबागा नाहीत, सहाशे फुटांचे बोअर नाहीत, उपसा जवळजवळ नाहीच. तरी एप्रिल-मे महिन्यांत बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांवरची अशी छायाचित्रं दर उन्हाळ्यात छापून येतात. उपशाला सगळं पाप लावणाऱ्यांच्या सिद्धान्तात हे पाडे बसतच नाहीत. डोंगरउतार, पातळ माती, सलग कातळ. पावसाचं पाणी दमणगंगा, पार, नार यांतून गुजरातकडे पळतं. अशा ठिकाणी ऑक्टोबरनंतर झरा किती दिवस पाझरतो यावर सगळा संसार. पाऊस सप्टेंबरच्या मध्यावर थांबला तर झरा फेब्रुवारीत मरतो. इथे हवामानाचा फटका थेट बसतो, मध्ये मोटरसुद्धा नाही, आणि ज्यांनी ना धूर सोडला ना पाणी उपसलं त्यांनाच तो बसतो.

आणि पहिल्या बाकावरच्यांना साठेक किलोमीटर पूर्वेला, सिन्नरला आणतो, कारण तिथे आमचं घर आहे. पाऊस पाचशे-साडेपाचशे. बेसॉल्टमध्ये त्यातला साधारण दहावा हिस्सा खाली जातो असं धरू. म्हणजे ५५ मिलिमीटर. उन्हाळ कांद्याला लावणीपासून काढणीपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या पुढे पाणी लागतं. सरळ भागाकार करा. एक एकर कांदा हा आसपासच्या नऊ-दहा एकरांवर मुरलेलं वर्षाचं पाणी पितो. आमच्या शिवारात विहीर नसलेलं शेत शोधावं लागतं आणि कांदा नसलेली विहीरही. इथे तापमानाचा आलेख न दाखवताही विहीर फेब्रुवारीत का बसते ते कळतं. हवामानबदल हा शब्द इथे सोयीचा झाला आहे, ही दुसऱ्या बाजूची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. सगळं आभाळाकडून आलं म्हटलं की खाली कुणाकडे बोट दाखवायला नको. अधिकाऱ्याला नको, पुढाऱ्याला नको, माझ्या चुलत्यांना तर नकोच नको.

पण कांदा इतका का लावला जातो, बोअर इतके खोल का जातात, हे विचारलं की हवामान मागच्या दारानं परत घरात येतं. उन्हाळा तापला की पिकाची तहान वाढते. हे तर शाळेतलं विज्ञान. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि पुढच्या वर्षीचा घड ज्या काडीत ठरतो ती काडी मे महिन्याच्या उन्हात वाढते. तेव्हा पाणी तोडता येत नाही. ऊन चढलं तर पाण्याची पाळी अलीकडे येते, म्हणजे मोटर जास्त वेळ. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतातल्या विहिरींच्या नोंदींवरून हाच माग काढला. तापमानवाढीला उत्तर म्हणून शेतकरी जो जास्तीचा उपसा करतात तो धरला, तर २०४१ ते २०८० या काळात भूजल खालावण्याचा वेग आजच्या तिप्पट होऊ शकतो, असं त्यांचं अनुमान आहे, आणि तेही पावसात होणारी संभाव्य वाढ हिशेबात धरून. अनुमान ते अनुमानच, आकड्यावर मी भांडणार नाही. पण त्यात हवामान आणि उपसा हे दोन रकाने एकाच ओळीत बसले आहेत, आणि आपल्या सभागृहात ते बसायला तयार नव्हते.

याचा आपल्याकडचा सर्वांत ठळक पुरावा पाहायला कुठल्या नियतकालिकाची गरज नाही. चांदवड-येवल्याच्या रस्त्यानं जा आणि उंचवट्यावरून खाली पाहा. काळ्या-निळ्या प्लास्टिकचे चौकोन. शेततळी. कल्पना काय होती? पावसाचं वाहून जाणारं पाणी शेतात अडवावं, दोन पावसांतल्या खंडात पिकाला द्यावं. हवामानबदलाशी जुळवून घेण्याचं हे आदर्श उदाहरण म्हणून त्याला अनुदानं मिळाली. प्रत्यक्षात पुष्कळ शेततळ्यांचे बांध जमिनीपासून इतके वर असतात की वाहतं पाणी आत शिरायला वाटच नसते. ती भरतात विहिरीतून आणि बोअरमधून, ऑक्टोबर ते जानेवारी, जमिनीत पाणी आहे तोवर. तळाला प्लास्टिकचा कागद, म्हणजे थेंबभरही परत मुरत नाही. झाकण मात्र नाही. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दिवसाला जवळपास सेंटिमीटरभर वाफ होते. चव्वेचाळीस मीटर लांबी-रुंदीचं तळं असेल तर रोज एकोणीस हजार लिटर, मोठे दोन टँकर, आभाळात. खाली मुरमात सावलीत असलेलं पाणी मोटर लावून वर काढायचं आणि उन्हात ठेवायचं, यात शहाणपण कुठलं?

आहे, शहाणपण आहे, आणि तेच दुखणं आहे. मुरमातलं पाणी सावलीत असलं तरी माझं नसतं. शेजाऱ्याची मोटर चालू आहे. तळ्यातलं पाणी मात्र माझं. पावसाचा भरवसा होता तेव्हा विहिरीत पाणी राहू द्यायला माणूस धजत होता. भरवसा गेला, तसा प्रत्येक जण आपला वाटा आधी वर काढून ठेवू लागला. टंचाईच्या बातमीनं दुकानापुढे रांग लागते, तसंच हे. यात एकही माणूस मूर्ख नाही, एकही लबाड नाही आणि तरी डिसेंबर उजाडेपर्यंत ज्याच्याकडे शेततळं नाही, त्या दोन एकरवाल्याची विहीर खडखडीत. त्याच्या विहिरीवर हवामानबदल कोसळला तो शेजाऱ्याच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीतून. ठिबकचंही तेच. पाणी वाचलं हे खोटं नाही, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग उभी राहिली. आणि सौरपंप, ज्याचा गाजावाजा हवामानासाठी चाललाय, त्याला ना बिल ना भारनियमन. रात्रीच्या पाळीचा जाच संपला याचा आनंद मला आहे, पण तो जाचच उपशाला थोडीफार वेसण घालत होता हेही तितकंच खरं. हवामानावरचा उपाय भूजलाला भोवतोय, आणि दोन्ही खात्यांचे अहवाल आपापल्या जागी उत्तम.

असं पहिल्यांदाच होतंय असंही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी विंधनयंत्रं महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आली ती पिण्याच्या पाण्यासाठी. गावोगावी हातपंप बसले, लाखो बायकांची पायपीट वाचली. त्या यंत्राला शिव्या घालण्याचा अधिकार नळाखाली बादली धरणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. पण तहान भागवायला आलेलं यंत्र दोन दशकांत बागांच्या कामाला लागलं. आधी विहिरी खोल झाल्या, मग विहिरीत आडवे बोअर आले, मग उभे. पाणाड्यानं नारळ फिरवायचा आणि गाडीनं तीनशे, पाचशे, सातशे फूट जायचं. खोलातलं पाणी हे वेगळं, नवं पाणी आहे हा समज अजून जात नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, वरच्या काही फुटांना असतं. त्याखाली बोअर म्हणजे नुसतं उघडं भोक. वरच्या मांजऱ्यातलं पाणी त्या भोकातून खाली गळतं आणि आजूबाजूच्या विहिरी बोअरला मिळतात. संकटावरचा तातडीचा उपाय, त्याला नियम नसला की, पुढच्या संकटाची सोय करून ठेवतो. जलयुक्त शिवारात नाले खोल करताना काही ठिकाणी मुरूम खरवडून कातळापर्यंत नेले, म्हणजे पाणी धरणारा थरच उपसून ट्रॉलीनं रस्त्यावर टाकला. २०२० मध्ये कॅगनं त्या योजनेवर ताशेरे ओढले तेव्हा वाद पेटला तो मात्र पैशांवरून.

मग काय, शेतकऱ्यालाच बांधायचं? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्याच्या शेतापर्यंत कालवा कधी आला नाही, त्यानं कर्ज काढून विहीर खणली, ती लागली, दोन पैसे दिसले, आणि आता शहरातला लेखक त्याला मोटर बंद कर म्हणतो. नाशिक शहरात नव्या इमारतीगणिक बोअर घेतला जातो, त्याला कोण विचारतं? कायदा तर आहेच. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला. शेतीसाठी साठ मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढे, खोल जायला त्यानं आडकाठी घातली आहे. सिन्नरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हे वाक्य म्हणून दाखवा आणि हशा ऐका. या अधिनियमाच्या तळाशी इंग्रजांचा १८८२ चा सुविधाधिकार कायदा अजून मुरलेला आहे: जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. लंडनच्या ओल्या हवेत शिजलेली कल्पना आपण दख्खनच्या कातळावर घेऊन बसलो. पोलिसी कायद्यानं हे होणार नाही, हे मान्य.

पण नियम म्हणजे पोलीसच असं कुणी सांगितलं? याच जिल्ह्यात, बागलाणमध्ये मोसम नदीवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत तीनेकशे वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक, हे एकट्यानं नाही तर सगळ्यांनी ठरवायचं आणि पुढच्या वर्षी फिरवायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागले, पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. आणि ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवायचा. लक्षात घ्या, त्यांनी पाणी वाढवलं नाही. पाऊस लहरी असतो हे गृहीत धरून तूट कशी वाटायची याचा नियम आधी करून ठेवला. आज ज्याला जाडजूड अहवालांत ‘हवामान अनुकूलन’ म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे? फड रम्य होता असं मी म्हणत नाही. त्यात जातीची उतरंड होती आणि जमीन नसलेल्याला पाटाच्या पाण्यात वाटा नव्हता. ती उणीव पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ नंतर भरून काढायचा प्रयत्न केला: पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं, भूमिहीनालाही द्यायचं आणि ऊस लावायचा नाही.

यावर कुणी म्हणेल, पाटाचं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून वाटता आलं. जमिनीखालचं कोण पाहतं? बरोबर. चांदवडला होळकरांच्या काळातली बारव आहे. तिच्यात उतरलं की किती पायऱ्या उघड्या पडल्या हे लहान पोरालाही मोजता येतं. बोअरमध्ये पाणी किती हात उरलं हे त्याच्या मालकालाही ठाऊक नसतं. मोटर फुसफुसायला लागली की कळतं. पण न दिसणारं पाणी वाटता येतच नाही, हेही खरं नाही. आपल्याच ओझरला वाघाडच्या कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या. कालव्याचं पाणी ओहोळांवरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीच्या पाण्याचाही हिशेब ठेवला. नगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार तर सगळ्यांना पाठ आहे: चारशे मिलिमीटरचा पाऊस, शेतीला बोअर नाही, आणि दरवर्षी पाणी मोजून पिकं ठरवायची. गावाला या वाटेवर नेणारे पोपटराव पवार गावोगावी कुठून आणायचे, हा प्रश्न रास्तच आहे. पण जिथे हे जमलं तिथे खडक वेगळा नव्हता, हेही नोंदवून ठेवू.

नदीजोडबद्दल थोडक्यात. नार-पारचं पाणी गिरणेत येईल तेव्हा येवो, मला आनंदच होईल. तुटीच्या वर्षी ऑक्टोबरात जायकवाडी धरणाच्या साठ्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात जी जुंपते ती कमी झाली तरी खूप. पण वरून आणलेलं पाणी ज्या शिवारात जाईल तिथे वाटपाचा नियम नसेल, तर ते आधी कुणाच्या शेततळ्यात जाईल हे सांगायला पाणाड्या नको.

राहिलं मापाचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. यातली ऑक्टोबरची मोजणी कोठीत किती जमलं हे सांगते. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ती ताडून बघतात आणि कुठल्या गावाला पुढे टँकर लागेल याचा अंदाज बांधतात. म्हणजे हातात आलेला हा आकडा आपण टंचाई वाटायला वापरतो, टाळायला नाही. तो तहसीलच्या फायलीत जाण्याऐवजी गावाच्या चावडीवर, कांद्याच्या भावाशेजारी खडूनं लिहिला गेला तर? पातळी सरासरीच्या दीड मीटर खाली असेल तर यंदा विहिरीमागे कांदा किती, शेततळं भरायचं की नाही, आणि पिण्याच्या विहिरीजवळच्या मोटरी कधी थांबवायच्या, हे ग्रामसभेत ठरू शकतं. ठरेलच असं नाही. आमच्या गावात पहिल्या सभेला भांडणच होईल आणि आमचे चुलते त्यात आघाडीवर असतील.

पण ही सभा घ्यायची असेल तर तिची वेळ ठरलेली आहे. ऑक्टोबरची मोजणी होते त्याच सुमाराला उन्हाळ कांद्याचं उळं टाकलं जातं. बियाण्याचे पैसे गेले, रोप तयार झालं, की ते कुणी फेकत नाही; डिसेंबरात लावणी होते आणि मग मार्चपर्यंत पाणी द्यावंच लागतं, जमिनीत असो वा नसो. टंचाईची बैठक आपल्याकडे फेब्रुवारीत भरते. तेव्हा कांदा शेतात गुडघाभर उभा असतो.